कॅरिअरवर मामंजी

मला सायकल माझ्या सासऱ्यांनी शिकवली, असं मी सांगते तेव्हा हल्ली ऐकणाऱ्याला त्यात फारसं काही वाटत नाही. पण ज्या वर्षी त्यांनी ती शिकवली त्या वर्षापर्यंत त्यांनी माझा चेहरा नीट पाहिलेला नव्हता, आणि मीही त्यांच्याशी एक वाक्य थेट बोललेले नव्हते.

मी सांगलीची. वडील कचेरीत कारकून, घर नदीच्या अंगाला, शाळा-कॉलेज सगळं पायाखालचं. डी.एड. झाले आणि कराडजवळच्या मलकापूरपासून चार मैल आत असलेल्या गावी लग्न होऊन आले. दुष्काळ सरून एक पाऊस झाला होता. नवरा फौजेत. लग्नानंतर महिनाभर राहून तो काळ्या पत्र्याची ट्रंक घेऊन परत गेला, आणि घरात आम्ही तिघंच उरलो. मामंजी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी.

मामंजी सोप्यात असले की मी माजघरात. ते आत आले की मी पदर पुढं ओढून भिंतीला लागायची. त्यांना काही विचारायचं असेल तर ते आत्याबाईंना विचारायचे. "सूनबाईस्नी इचारा, साळंची येळ काय?" मी तीन हातांच्या अंतरावर उभी असायची. आत्याबाई मान वळवून मला म्हणायच्या, "इचारत्यात, साळंची येळ काय?" मी आत्याबाईंना सांगायची आणि त्या ते पुन्हा त्यांना सांगायच्या. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही थोड्या दिवसांनी वाटेनासं झालं.

लग्नाआधीच मला नोकरीची ऑर्डर आली होती. शाळा मात्र साडेतीन मैलांवर, हमरस्त्याच्या बाजूच्या एका वस्तीवर. आमच्या गावाला येणारी एस.टी. शाळा भरून गेल्यावर यायची आणि सुटायच्या आधी परत जायची. त्यामुळं चालत जायचं आणि चालत यायचं. उन्हाळ्यात त्याचं काही वाटलं नाही. पाऊस सुरू झाला तशी वाट चिखलानं भरली, चपला हातात आल्या, आणि दोन्ही बाजूंचा ऊस माझ्या डोक्याच्या वर गेला. त्या उसातून एकटीनं जायचं म्हणजे मी मोठ्यानं पाढे म्हणत जायची. संध्याकाळी घरी पोचायची तेव्हा आत्याबाई उंबऱ्यात उभ्याच असायच्या. काही बोलायच्या नाहीत, नुसतं पायावर गरम पाणी ओतायच्या.

श्रावणात मी आजारी पडले. आठ दिवस घरी होते. त्या आठ दिवसांत मी राजीनाम्याचा अर्ज लिहिला आणि पिशवीत ठेवून दिला. आणि त्याच आठवड्यात नवऱ्याचं पत्र आलं.

पत्र वाचायचं काम माझं होतं, कारण घरात दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हतं. आत्याबाई माझ्यासमोर बसायच्या, मामंजी सोप्यातल्या खांबाला टेकून, पाठ आमच्याकडं करून बसायचे. मी पदराआडून मोठ्यानं वाचायची. आंतरदेशीय पत्राच्या आतल्या घडीवर जे असायचं ते माझ्यापुरतं, तिथं आल्यावर मी थांबायची, आणि आत्याबाई "संपलं व्हय?" असं हसत म्हणून उठायच्या. त्या दिवशी घडी यायच्या आधीच एक ओळ आली. त्यानं लिहिलं होतं, 'तिला चालायचा त्रास होत असेल तर नोकरी सोडली तरी माझी हरकत नाही.' मी ती ओळ वाचली. आवाज आपोआप खाली गेला.

मग मामंजी, पाठ तशीच ठेवून, आत्याबाईंना म्हणाले, "सोडायची न्हाई म्हणावं."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या सुमाराला आत्याबाईंनी मला उठवलं. अंगणात मामंजींची सायकल उभी होती. काळी, उंच, मधे जाड नळी असलेली पुरुषी सायकल. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना तिच्यावर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. वैरणीचा भारा कॅरिअरवर टाकून ते ती हातानं ढकलत आणायचे. आज ती पुसलेली होती. कॅरिअरवर त्यांनी फावड्याचा एक लांब दांडका आडवा, सुंभानं आवळून बांधला होता. दोन्ही बाजूंना हात-हात दांडका बाहेर निघालेला.

मला काही उमगेना. आत्याबाईंनी हळूच सांगितलं, "त्येला धरून माघनं पळणार हाईत. तुला हात लागाय नगं म्हणून."

पण त्याच्याही आधी साडीचा प्रश्न होता. मी पाचवारी गोल नेसायची, आणि त्या साडीत त्या नळीवरून पाय टाकणं शक्य नव्हतं. आत्याबाईंनी मला आत नेलं, स्वतःचं एक जुनं, धुऊन मऊ झालेलं हिरवं लुगडं काढलं आणि कासोटा घालून नेसवलं. लग्नातल्या एका दिवसाखेरीज मी नऊवारी कधी नेसले नव्हते. त्यांनी कासोटा असा खेचला की मी "आई गं" म्हणाले. त्या म्हणाल्या, "सैल नेसलीस तर चेनमदी जाईल. आमी ह्यात झाडावर चढतोय, सायकल ती काय!"

गावाबाहेर आमचं खळं होतं. मळणीला अजून अवकाश, त्यामुळं जागा मोकळी. एका कडेला मागच्या सालच्या कडब्याचा ढीग. मी सीटवर बसले, मामंजींनी मागून दांडक्याची दोन्ही टोकं धरली. आत्याबाई खळ्याच्या मधोमध उभ्या राहिल्या, कारण बोलणं त्यांच्यातूनच व्हायचं होतं.

"पायडल मारा म्हणावं."

"पायडल मार म्हणत्यात."

"हँडल घट धरू नगा म्हणावं."

"हँडल... काय म्हणालासा?"

तोवर मी पडलेली असायची. पहिले चार दिवस हेच. कडब्यात पडले, मातीत पडले, एकदा आत्याबाईंच्या अंगावर गेले. गुडघा फुटला, कोपर सोललं. पडले की मामंजी लगेच दुसरीकडं तोंड करून उभे राहायचे, मी पदर सावरेपर्यंत. मग खाकरून विचारायचे, "लागलं का इचारा."

पाचव्या दिवशी सायकल धावली. म्हणजे मला कळलंच नाही कशी, पण खळं संपलं आणि मी पाटाच्या कडेच्या वाटेला लागले. मागून त्यांच्या पायांचा धपधप आवाज, दम लागलेला श्वास. आत्याबाई लांब मागं राहिल्या. त्या काहीतरी ओरडत होत्या, ऐकू येत नव्हतं. मी खाली पुढच्या चाकाकडं बघत होते, आणि चाक पाटाच्या पाण्याकडं वळायला लागलं.

"म्होरं बघ पोरी! चाकाकडं न्हवं, म्होरं बघ!"

मी मान वर केली. चाक सरळ झालं. पदर डोक्यावरून कधीच घसरला होता, वारा कानांत शिरत होता. पुढं बरंच अंतर गेल्यावर माझ्या लक्षात आलं की धपधप थांबली आहे. मला थांबता येत नव्हतं, म्हणून मी एका बाभळीला धरून थांबले. हाताला काटे रुतले. मागं वळून पाहिलं तर मामंजी पाटाच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून, वाकून दम खात होते. त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्याशी थेट बोलले होते. घरी आल्यावर आम्ही दोघांनीही ते आत्याबाईंना सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी मी सायकलवरून शाळेत गेले. वस्तीवरची माणसं कामं टाकून बघत उभी राहिली. एक म्हातारी हात जोडून उभी होती, का ते देव जाणे. हेडमास्तर चांगले होते पण घाबरट. म्हणाले, "बाई, सायकल शाळेच्या मागं लावत जा. पुढं दिसायला नको." मी मागं लावायची. आठवड्याभरात मुलींना ती मागची जागा इतकी आवडली की मधल्या सुट्टीत पायडल फिरवायला रांग लागायला लागली, आणि हेडमास्तरांनीच ती पुढं लावायला सांगितली. राजीनाम्याचा कागद मी नंतर कधीतरी चुलीत टाकला.

साडेतीन मैलांची वाट आता अर्ध्या-पाऊण तासाची झाली. वेळ वाचला हे तर खरंच. पण मला खरं वेगळंच काही मिळालं होतं. सकाळी घर सोडल्यापासून शाळा येईपर्यंत मी कुणाची सून नव्हते आणि कुणाची बाईही नव्हते. चालताना उसातून पाढे म्हणत जाणारी मी, आता उगाच घंटी वाजवत जायची. वाटेत कुणी नसताना.

दिवाळीनंतर एकदा चेन तुटली. शाळेपासून अर्ध्या मैलावर, फाट्यावर, एका वयस्कर मुसलमान गृहस्थांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी सायकल पाहिल्याबरोबर ओळखली.

"ही आबांची गाडी. तुमी त्यांच्या सूनबाई व्हय?"

मी हो म्हणाले. त्यांनी चेन जोडता जोडता पुढच्या चाकाच्या चिमट्यावर बोट फिरवलं. तिथं रंग उडून लोखंड पांढरं पडलं होतं.

"ह्यो चिमटा म्या एका सालात दोनदा सरळ केलाय. एकदा झाडावर घातली, एकदा उभ्या बैलगाडीवर. आबा म्हणलं, ब्रेक लागला न्हाई. ब्रेक बगितला तर ब्रेक चोख." त्यांनी बोट फडक्याला पुसलं. "बाई, रागवू नगा. त्यांना दिसत न्हाई. लांबचं तर न्हाईच. मला म्हणलं, कुणाला बोलू नगंस. पर आता तुमी घरच्या."

मी घरी आले ती सायकल हातात धरूनच. चालवावीशी वाटेना. गेले तीन-चार महिने मी मनात धरून होते की मामंजींनी आपली सायकल माझ्यासाठी दिली. आणि खरं तर त्यांना ती चालवता येत नव्हती. हे कळल्यावर मला फसवल्यासारखं वाटलं, आणि लगेच तसं वाटल्याची लाजही वाटली. कारण ज्याला पुढचं दिसत नाही असा माणूस पाटाच्या कडेनं माझ्यामागं पळत होता.

संध्याकाळी भाकरी करताना मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी भाकरी परतली.

"मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "ताट म्होरं सरकवती, तांब्या हाताजवळ ठिवती, ती काय उगंच? दोन सालं झाली. पर म्या इषय काडला की अंगावर येत्यात. म्हणत्यात, डोळ्याला ऊन लागतंय." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तू बोल. तुझं ऐकतील."

"मी? मी कशी बोलू?"

"जशी सायकल शिकलीस तशी."

रविवार उजाडला. मामंजी अंगणात दोरी वळत बसले होते. मी पदर घेतला, बाहेर गेले, आणि त्यांच्यापासून चार पावलांवर उभी राहिले. वर्गात तपासणीला साहेब आले तरी मी एवढी घाबरत नसे.

"मामंजी," मी म्हणाले, "मला कराडला जायचंय. रस्त्याची मला नीट माहिती नाही. तुम्ही मागं बसून दाखवाल का?"

त्यांचे हात थांबले. मान वर झाली, पण नजर माझ्या बाजूला, थोडी डावीकडं गेली. आता माहीत असल्यामुळं मला ते दिसलं. त्यांनी एवढंच विचारलं, "वजं झेपंल?"

"झेपंल," मी म्हणाले. माझ्या तोंडून त्यांचीच भाषा निघाली.

दांडका कधीच सुटला होता. ते कॅरिअरवर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसले, आणि सीटच्या खालच्या स्प्रिंगा दोन्ही हातांनी धरल्या. धोतर, कोट, डोक्याला पटका. माणूस वाळकाच होता, पण तरी पहिल्या वीस-पंचवीस हातांत सायकल दारू प्यायल्यासारखी गेली. चावडीपाशी चार-सहा जण बसलेले. त्यांतला एक ओरडला, "काय आबा, सुनंनं गाडीला जुपलं काय तुमास्नी?"

मामंजी मागून ओरडले, "जुपलीया ती! म्या आपला नुसता वजं हाय!"

सगळे हसले. मी पायडल मारत राहिले.

गाव मागं पडलं तसे ते बोलायला लागले. आधी रस्ता. "हितं डाव्या अंगानं घे, उजवीकडं दगाड हाय." "आता गुऱ्हाळ आलं बग." गुऱ्हाळ खरंच आलं, पण मला ते दिसायच्या आधी त्यांना वास आला होता. पूल आला की चाकांच्या आवाजावरून सांगायचे. मला वाट माहीत नाही ही थाप त्यांनी ओळखली होती की नाही कोण जाणे, पण त्यांनी वाट मात्र सगळी दाखवली.

सायकलवर दोघांची तोंडं एकाच बाजूला असतात. मागच्याला पुढच्याची पाठ तेवढी दिसते, पुढच्याला तर मागचा दिसतच नाही. पदर घ्यायला नको, खाली बघायला नको. घरात एकमेकांसमोर उभं राहून आम्ही वर्षभरात जे बोललो नाही ते त्या रस्त्यावर तासाभरात बोललो.

मी विचारलं, "मामंजी, नोकरी सोडायची नाही असं का म्हणालात?"

"म्या दुसरीपातूर शिकलो," ते म्हणाले. "आमच्या गावात साळा हुती. मास्तर नदीपल्याडनं चालत यायाचा. लय चांगला मास्तर. पाटीवर माझा हात धरून गिरवून घ्यायाचा. पावसाळ्यात वाट मोडायची, तरी यायाचा. मग एका पावसात ताप घिऊन गेला, त्यो आलाच न्हाई. दुसरा कुणी धाडला न्हाई. साळंला कुलूप. आमी पोरं महिनाभर दप्तर घिऊन जायाचो, वट्ट्यावर बसायचो, आन माघारी यायाचो. मग बा म्हणला, म्हसरं राख."

त्यांनीच पुढं विचारलं, "तुज्या साळंत किती पोरं?"

"एक्केचाळीस."

"तू चालून चालून थकलीस आन आली न्हाईस, तर ती वट्ट्यावर बसत्याल."

"म्हणून सायकल दिलीत?"

ते हसल्याचं मला पाठीत जाणवलं. "दिसत न्हवतं म्हणून दिली," ते म्हणाले. आणि मग, "दोनी खरं हाय."

म्हणजे त्यांना माहीत होतं की मला कळलं आहे.

कराडात मी सायकल थेट डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दारात थांबवली. ते उतरले, भिंतीला हात लावला, औषधांचा वास घेतला. मला वाटलं आता भडकणार. त्यांनी पटका सारखा केला आणि म्हणाले, "रस्ता बरोबर सापडला म्हणायचा." आणि आत गेले.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजवा पिकलेला. डॉक्टरांनी ऑपरेशन मिरजेला करायला सांगितलं. मिरज म्हणजे माझ्या माहेरच्या दारात. थंडीत शाळेतून रजा काढून मी त्यांना एस.टी.नं घेऊन गेले. तेव्हा ऑपरेशन झालं की डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून आठवडाभर उताणं झोपवायचे. मान हलवायची नाही. उभा जन्म शेतात गेलेला माणूस, तो सात दिवस आढ्याकडं तोंड करून, डोळ्यांना पट्टी बांधून पडून राहिला. दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर सांगलीला आमच्या घरी त्यांना पंधरा दिवस ठेवून घेतलं. व्याह्यांच्या घरी एवढे दिवस राहायचं त्यांना अवघड वाटत होतं. मला दोनच दिवसांत शाळेसाठी परतावं लागलं. त्यांची पट्टी, औषधं, जेवण सगळं माझ्या आईनं पाहिलं.

चष्मा लागला तो बाटलीच्या बुडासारखा जाड. तो घालून ते घरी आले तेव्हा आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी दारात उभी होते, पदर घेऊन, जुन्या सवयीनं. मला वाटलं आता ते माझ्याकडं बघतील. त्यांनी आधी सायकलकडं पाहिलं. जवळ गेले, वाकले, चष्मा सारखा केला.

"हिचं मागलं मडगार्ड कुटं हाय?"

"खडखडत होतं, मामंजी. काढून टाकलं."

"आन चेन एवढी सैल? अशी चालीवतीस व्हय?" मग ते सरळ उभे राहिले आणि माझ्याकडं बघितलं. पुरतं बघितलं. माझ्या आठवणीत पहिल्यांदा. आत्याबाईंना म्हणाले, "लय वाळली हो पोरगी. दूध देत जावा तिला."

उन्हाळ्यात नवरा सुट्टीवर आला. पत्रांतून मी सगळं कळवलं होतं, तरी पहिल्या दिवशी त्याला ते खरं वाटलं नाही. मी नऊवारीत नळीवरून पाय टाकून गेले आणि परत आले, तर तो अंगणात कमरेवर हात ठेवून उभा. "आमच्या युनिटात कुणाला सांगितलं तर थापा म्हणतील," म्हणाला. सुट्टीभर कुठं जायचं असलं की मला विचारायचा, "सायकल नेऊ का?" मी म्हणायची, "शाळेच्या वेळेत नको." आत्याबाईंना त्याची फार गंमत वाटायची.

आता मामंजींना दिसत होतं. ते पुन्हा सायकल चालवू शकले असते. एकदा आत्याबाईंची नजर चुकवून पाटापर्यंत जाऊनही आले होते, आणि सैल चेन चाचांकडून आवळून आणली होती. पण त्यानंतरही दर रविवारी सकाळी कोट-पटका करून ते अंगणात येऊन उभे राहायचे. कराडला काही काम असायचंच असं नाही. कधी चष्म्याचा स्क्रू, कधी मिरचीचं बियाणं. मी सायकल काढायची, ते मागं बसायचे. आत्याबाई बाजाराची यादी तोंडी सांगायच्या, आणि आम्ही निघायचो. हे असं का, ते कुणी कुणाला विचारलं नाही. दोन वर्षं चाललं हे. पुढं माझी बदली आटपाडीच्या बाजूला झाली तोवर.

त्यातला एक रविवार मला इतर सगळ्यांपेक्षा जास्त आठवतो. मलकापूरच्या अलीकडं एक लहानसा चढ होता. तिथं ते उतरायचे आणि आम्ही दोघं सायकलच्या दोन बाजूंनी चालत तो चढायचो. माघ महिना असावा. उसाला तुरे आले होते आणि रस्त्यावर बैलगाड्यांमधून पडलेली कांडी. चालता चालता ते अचानक म्हणाले,

"तुज्या आईचा आवाज तुज्यासारखा हाय."

मी हँडल धरून थांबले.

"डोळ्याला पट्टी हुती तवा काय दिसायचं न्हाई. तुजी आई चहा घ्या म्हणायची, तर मला वाटायचं तूच हाईस. म्या एकदा पोरी म्हणून हाक बी मारली तिला." ते हसले. मग पुढं चालत, माझ्याकडं न बघता, म्हणाले, "म्होरच्या दारात पारिजातक हाय. तुजी आई म्हणली, तूच लावलास. त्येचा वास यायाचा रातभर." आणि मग, "तुला घरची सय येत आसंल न्हवं?"

लग्नाला तीन वर्षं होत आली होती. सासरी हे मला कुणी विचारलं नव्हतं. विचारायची पद्धतही नव्हती; मुलगी दिली ती दिली. मी चालत राहिले.

"येते," मी म्हणाले. "पावसात जास्त. नदी चढली की आम्ही सगळी घाटावर बघायला जायचो."

"मग ह्या पावसात जा," ते म्हणाले. "नदी चढली की जा. साळंला रजा टाक, चार दिस राहा. हितं आमी हाय न्हवं."

चढ संपला होता. पुढं मलकापूरची घरं, त्यापलीकडं कराडचा धूर. मी सायकल सरळ धरली, एक पाय पायडलवर ठेवला.

"बसा, मामंजी."

ते बसले. मी पायडल मारलं.